लग्नाआधीचं डाएट की काहीतरी वेगळंच? नणंदेबद्दल सल्ला हवाय

नाशिकची_वहिनी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्या, आणि लांबण लागणार आहे हे आधीच सांगते.

विषय माझ्या नणंदेचा आहे. वय २३, नोकरी करते, हुशार आहे, माझ्याशी चांगलं जमतं, म्हणजे जमायचं. लग्न ठरलंय, फेब्रुवारीतली तारीख आहे. साखरपुड्याच्या दिवशी तिच्या होणाऱ्या सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की पोरगी गोड आहे हो, फक्त शालूत जराशी भरल्यासारखी दिसते, पण तोवर होईल म्हणा कमी. सगळे हसले. मीपण हसले, ते आता सारखं आठवतं.

तेव्हापासून हिचं डाएट सुरू झालं. आधी साखर बंद, मग भात बंद, मग पोळी बंद, ते सगळं ठीकच वाटलं मला, लग्नाआधी कोण करत नाही. मग उपवास वाढले. संकष्टी आमच्याकडे सगळ्याच करतात, त्यात मंगळवार आला, मग गुरुवार, मग शनिवार, आणि नवरात्रात नऊ दिवस फक्त पाणी आणि एक केळं. आई (सासूबाई) तर येईल त्याला कौतुकाने सांगतायत की आजकालच्या मुलींमध्ये एवढी श्रद्धा कुठे दिसते. नवरात्र संपल्यावर मात्र उपवास संपलाच नाही, आता म्हणते की कार्यालयातच खाऊन आले.

बाकीच्या गोष्टी: ऑक्टोबरच्या उकाड्यात स्वेटर घालून बसते. न्हाणीघराच्या जाळीत केसांचा पुंजका असतो रोज. पाळी चार-पाच महिने आलेली नाही (हे मला माहितीये कारण आमचं सामान एकाच कपाटात असतं). आईंना सांगितलं तर म्हणाल्या लग्न झालं की होईल सुरळीत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रेसिपीचे रील बघत असते आणि रविवारी स्वतः आम्हाला छोले-भटुरे, पावभाजी, काय काय करून घालते, माझ्या लेकाच्या मागे लागून लागून भरवते आणि स्वतः ओट्याला टेकून आमच्याकडे बघत उभी. आणि जेवलीच कधी तर लगेच बाथरूममध्ये, नळ सोडलेला.

जूनमध्ये वजन * होतं, आता * आहे. (आकडे काढले आहेत, कारण खाली साधी_डॉक्टर यांच्या प्रतिसादात आहे. — संपादक)

गेल्या आठवड्यात पॅडच्या पाकिटात जुलाबाच्या गोळ्यांच्या तीन रिकाम्या स्ट्रिप सापडल्या. मी शोधायला नव्हते गेले, खरंच.

आणि सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात आलं माहितीये का, आमच्या ब्लाउजवाल्या ताईंच्या. तीनदा माप दिलं, तिन्ही वेळा वेगळं. तिसऱ्यांदा त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, वहिनी, मी आता कापडाला कात्री लावत नाही, लग्नाला पंधरा दिवस राहिले की या, आणि हिला जरा दवाखान्यात दाखवा, नवऱ्या मुली बारीक होतात पण अशा नाही होत.

नवरा म्हणतो तू उगाच डोक्यात घेतेस. आईंकडे विषय काढला तर त्यांचा चेहरा असा झाला की जणू मला हिचं लग्न बघवत नाहीये. मी सून, मी काही बोलले की त्याचा वेगळाच अर्थ निघतो. तिलाच विचारावं का? कसं? की खरंच मी उगाच घाबरतेय?


कढीपत्ता

लग्नाआधी सगळ्याच मुली हे करतात हो, माझ्या बहिणीने दोन महिने फक्त सूप प्यायलं होतं, लग्नात मस्त दिसत होती आणि हनिमूनहून येईपर्यंत सगळं भरून निघालं. तुम्ही फार मनावर घेताय. थायरॉइड चेक करून घ्या फारतर.


रानजाई

@कढीपत्ता, जुलाबाच्या गोळ्या वाचलंत का नीट? सूप वेगळं आणि हे वेगळं.

वहिनी, तुम्ही अजिबात उगाच घाबरत नाही आहात. बाकी तज्ज्ञ बोलतीलच.


मी_अस्मानी

हा धागा सकाळी वाचला आणि दिवसभर ऑफिसात काही सुचलं नाही. इथे १४ वर्षं आहे, हे कधी लिहिलं नव्हतं.

२००२ साली मी पुण्यात हॉस्टेलला होते, गावाकडून आलेली, आणि आमच्या गावात मी 'तब्येतीने बरी' होते, पुण्यात आल्यावर एकदम 'जाडी' झाले, वजन तेच. तेव्हा इन्स्टाग्राम वगैरे काही नव्हतं, नुसते रूमवरचे टोमणे आणि एक फुटका आरसा, तेवढं पुरलं. दिवसभर काही खायचं नाही, मेसचा डबा दुसऱ्या मुलीला देऊन टाकायचा, आणि रात्री सगळ्या झोपल्या की मग जे हाताला लागेल ते, बिस्किटांचा पुडा, रूममेटच्या आईने पाठवलेले लाडू, दाण्याचं कूट आणि साखर, चव कसली, अंधारात उभ्याने. आणि मग ते सगळं काढून टाकायचं. कसं ते लिहीत नाही. हे साडेतीन वर्षं.

वजन माझं फारसं कमी झालंच नाही, हे मुद्दाम सांगते. म्हणून कोणाला कधी संशयही आला नाही. लोकांना वाटतं हाडांचा सापळा दिसला म्हणजेच आजार. मला स्वतःलाही वाटायचं की मी फक्त हावरट आहे आणि वर घाणेरडी आहे. बुलिमिया हा शब्द मी वाचलेला होता, राजकन्या डायनाने १९९५ च्या बीबीसीच्या मुलाखतीत तो आजार आपल्याला होता असं सांगितलं होतं ते पेपरात आलं होतं, पण ते राजवाड्यातल्या बायकांचं दुखणं, दाण्याच्या कुटाचा आणि त्याचा काय संबंध!

पकडलं कोणी तर दातांच्या डॉक्टरांनी. दात शिवशिवतात म्हणून गेले होते. वरच्या पुढच्या दातांची आतली, जिभेकडची बाजू झिजली होती. त्यांनी आरसा फिरवला, थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग मदतनीस मुलीला बाहेर पाठवून म्हणाल्या, वारंवार उलट्या होतात का गं? मी म्हटलं ॲसिडिटी आहे. त्या म्हणाल्या बरं, ॲसिडिटी असेल तर उलटीनंतर लगेच ब्रश करू नकोस, आम्लाने मऊ झालेलं कवच ब्रशने आणखी खरवडून निघतं, नुसती चूळ भर. आणि मग म्हणाल्या, आणि ॲसिडिटी नसेल तरी मला सांगितलंस तर मी ओरडणार नाही. मी त्या खुर्चीत तोंडात कापूस असताना रडले.

वहिनी, तुम्ही विचारलंय कसं बोलायचं. माझ्यापुरतं सांगते. वजन, ताट, जेवण, 'किती वाळलीस', 'चेहरा बघ कसा झालाय' यातलं काहीही काढू नका. 'वाळलीस' हे त्या अवस्थेत कौतुक म्हणून ऐकू येतं, मी शपथेवर सांगते. आणि तिला सगळ्यांसमोर तर चुकूनही नाही. तुम्ही दोघीच असताना, जेवणाच्या वेळेच्या बाहेर, चालायला वगैरे गेलात की जे दिसलं तेवढंच सांगा: तुला सारखी थंडी वाजते, रात्री झोपत नाहीस, तुझ्या गोळ्या मला सापडल्या, मला तुझी भीती वाटते. भीती वाटते हे महत्त्वाचं, राग येतो असं नाही. ती चिडेल. तुम्ही कपाट उचकलं म्हणेल, खोटं बोलेल. मीसुद्धा त्या डॉक्टरांकडे परत आठ महिने गेले नव्हते. पण कोणाला तरी माहीत आहे ही गोष्ट डोक्यात राहते.


पाटावरवंटा

अस्मानी, __/\__ काय बोलू.

अवांतर वाटेल पण एक विचारतो, हे सगळं मोबाईलमुळे वाढलं ना? आमच्या लहानपणी उपासमार होती, डाएट नव्हतं. हा मुळात पाश्चात्य श्रीमंत लोकांचा आजार, तिकडून आला.


निवांत

@पाटावरवंटा, अवांतर नाही, पण 'तिकडून आला' एवढं सोपंही नाही. थोडं लांबून सांगतो, माझा वाचनाचा विषय आहे.

नाव तिकडचं हे खरं. १८७३-७४ च्या सुमारास लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या दोन डॉक्टरांनी जवळजवळ एकाच वेळी स्वतःला उपाशी ठेवणाऱ्या अशा मुलींची वर्णनं लिहिली, त्यातल्या गलने ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिलं. बुलिमिया नर्व्होसा हे वेगळं दुखणं म्हणून जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये मांडलं. आणि उलटी न काढता फक्त ताबा सुटून खात सुटणं, त्याला अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या पुस्तकात स्वतंत्र जागा मिळाली २०१३ मध्ये.

आता तुमचा मोबाईलचा मुद्दा. फिजीमध्ये अ‍ॅन बेकर नावाच्या संशोधक बाईंनी केलेला अभ्यास वाचा. तिथे अंगाने भरलेली बाई म्हणजे चांगल्या घरची, सगळ्यांनी काळजी घेतलेली, असं मानत. जेवायला आग्रह करून करून वाढत, आणि कोणी बारीक झालं तर गावाला काळजी की हिचं काय बिनसलं. ओळखीचं वाटतंय ना? १९९५ मध्ये नाद्रोगा भागात टीव्ही आला. बाईंनी त्याच वर्षी शाळकरी मुलींची पाहणी केली, वजनासाठी उलटी काढणारी एकही मुलगी नव्हती. १९९८ मध्ये परत केली तर ११.३ टक्के. तीन वर्षांत, तेही नुसत्या टीव्हीवर! मोबाईलचा पत्ता नव्हता.

मोबाईलने तेल ओतलंच, नाही असं नाही. २०२१ मध्ये फेसबुकचे आतले कागद बाहेर आले त्यात त्यांच्याच लोकांनी लिहिलेलं होतं की किशोरवयीन मुलींपैकी तिघींत एकीच्या बाबतीत शरीराबद्दलचा न्यूनगंड इन्स्टाग्राममुळे आणखी वाढतो. पण आपल्याकडच्या वधू पाहिजेच्या जाहिराती काढा, 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष' हे मार्क झुकरबर्ग जन्मायच्या आधीपासून छापून येतंय.

मला यात एक शब्दांची गंमत (गंमत कसली) वाटते. माझी आजी माहेरवाशीण घरी आली की तिच्या दंडाला हात लावून म्हणायची, वाळलीस गं, सासरी जेवायला घालत नाहीत का. त्यात काळजी होती, सासरच्यांना शिवी होती आणि लगेच पुढे डिंकाचा लाडू असायचा. त्याच घरात आज माझी बायको म्हणते, अय्या बारीक झालीस, काय केलंस सांग ना! शरीर तेच. एका पिढीत काळजीचं वाक्य कौतुकाचं झालं आणि आग्रह मात्र जुन्याच पद्धतीने चालू. एका हाताने बारीक हो म्हणायचं, दुसऱ्या हाताने ताटात पुरणपोळी सारायची. मुलीने करायचं काय?

आणि वहिनी, ते रेसिपीचे रील आणि सगळ्यांना करून घालणं, ते नखरे नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी, १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरण्याताठ्या पुरुषांना त्यांच्या मर्जीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, युद्धात उपाशी राहिलेल्यांना परत कसं जेवतं करायचं हे शोधायला. त्या माणसांना बारीक दिसायची काडीचीही हौस नव्हती. तरी ते पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले, ताटं चाटायला लागले, जेवण तास तास पुरवायला लागले, चिडचिडे झाले, उन्हाळ्यातसुद्धा थंडी वाजायला लागली. म्हणजे मुलगी वेडी झाली म्हणून अन्नाचा ध्यास लागतो असं नाही, उपासमारच डोक्याला तसं करते, धडधाकट माणसालाही.


रानजाई

निवांत, 'वाळलीस' ला +१००. माझी आई अजून म्हणते, आणि मी तिच्यावर चिडते, आता नाही चिडणार.


साधी_डॉक्टर

मी जनरल फिजिशियन आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि न तपासता निदान करता येत नाही हे आधीच लिहिते. पण काही गोष्टी थांबण्यासारख्या नाहीत म्हणून ओपीडी संपल्या संपल्या टाइप करतेय.

आधी संपादकांना विनंती, मूळ धाग्यातले किलोचे आकडे काढा प्लीज. हे वाचणाऱ्यांत या आजाराच्या मुली असतात आणि त्या लगेच तुलना करतात की ती एवढ्यावर आली मग मी कुठे. (बाकीच्यांनीही कॅलरी, किलो, किती दिवस उपाशी हे लिहू नका.)

वहिनी, मला वजनापेक्षा काळजी गोळ्यांची आणि नळाची आहे. उलट्या आणि जुलाब दोन्हीत शरीरातलं पोटॅशियम निघून जातं. पोटॅशियम खाली गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि ते आधी सांगून बिघडत नाहीत, मुलगी सकाळी हसत ऑफिसला गेलेली असते. त्यामुळे या आठवड्यात, पुढच्या नाही, रक्तातले क्षार म्हणजे सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, साखर, किडनीच्या तपासण्या, सीबीसी, थायरॉइड आणि एक ईसीजी. पाळी थांबलीय म्हणून गर्भधारणेची चाचणीसुद्धा होईल, तो डॉक्टरांचा नेम असतो, त्याचं कोणी मनाला लावून घेऊ नका. नाडी खूप मंद लागणं, उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड, बेशुद्ध पडणं यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंट न बघता थेट कॅज्युअल्टी.

रिपोर्ट नॉर्मल आला तर घरचे म्हणतील बघ काही नाही. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे आजार नाही असं होत नाही, शरीर फार दिवस सांभाळून घेतं.

जुलाबाच्या गोळ्यांबद्दल तिला कोणीतरी हे सांगायला हवं: अन्नातल्या बहुतेक कॅलरी लहान आतड्यातच शोषल्या जातात, या गोळ्या काम करतात मुख्यतः मोठ्या आतड्यावर. म्हणजे काट्यावर जे कमी दिसतं ते पाणी. आणि बंद केल्यावर काही दिवस शरीर पाणी धरून ठेवतं, पाय-चेहरा सुजतो, काटा वर जातो, मुली घाबरतात आणि परत सुरू करतात. हे होणार आहे आणि ते तात्पुरतं आहे हे आधी माहीत असेल तर निभतं.

सर्वात महत्त्वाचं, म्हणजे दुसरं सर्वात महत्त्वाचं. घरच्यांना कळलं की उद्यापासून तिला बदाम, शिरा, तूप-साखर सगळं एकदम घालायला घेतील. नको. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अन्न एकदम गेलं की फॉस्फेट झपाट्याने खाली येतं आणि त्यानेही जीवाला धोका होतो. दुसऱ्या महायुद्धातून सुटलेल्या कैद्यांच्या बाबतीत हे डॉक्टरांनी पाहिलंय. किती आणि कसं वाढवायचं ते तपासणारे ठरवतील.

पाळीचं 'लग्न झालं की होईल' हे मी ओपीडीत आठवड्यातून दोनदा ऐकते. पाळी थांबली म्हणजे इस्ट्रोजेन कमी, म्हणजे हाडं भरायच्या वयात हाडं पोकळ होतायत. उलट बाजूने, पाळी येतेय म्हणजे आजार नाही असंही नाही, पूर्वी ॲनोरेक्सियाच्या निदानात पाळी थांबलेली असणं ही अट होती, २०१३ मध्ये ती काढून टाकली.

उपचार मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन आणि आहारतज्ज्ञ मिळून करतात, आहारतज्ज्ञ एकटी नको, तीही 'ब्राइडल पॅकेज' वाली तर अजिबात नको. आणि कुठून सुरुवात करावी कळत नसेल, रात्री-बेरात्री बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट आणि मराठीत. घरच्यांनीसुद्धा फोन केला तर चालतो.


कढीपत्ता

माझा वरचा प्रतिसाद मागे घेते. आणि खरं सांगायचं तर बहिणीला आज फोन केला. ती म्हणाली 'सगळं भरून निघालं' असं तुला वाटतं. एवढंच म्हणाली. रविवारी जातेय तिच्याकडे.


चिंचगूळ_

उपवासाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. माझ्या मुलीच्या बाबतीत (ती १६ ची होती) उपवास हाच पडदा होता. आपल्याकडे उपवास करणाऱ्या मुलीला कोण अडवणार, अडवलं तर पाप. आणि मजा म्हणजे एकादशी दुप्पट खाशी हे आपलं घरगुती सत्य, साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, आमच्या घरात उपवासाच्या दिवशी जास्त तेल लागतं! तरी हिचा उपवास निर्जळी. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही देवासाठी उपाशी नाहीये.

आमच्या भटजींनी फार मदत केली, खोटं नाही. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं तर ते स्वतः तिला म्हणाले, आजारी माणसाला उपवास नसतो, तुझा संकल्प मी सोडवतो, नारळ ठेव देवापुढे. डॉक्टरांचं तिने ऐकलं नसतं कदाचित, त्यांचं ऐकलं, निदान तो बहाणा तरी संपला. तुमच्या सासूबाईंचं कोणावर असं असेल तर बघा.

तिच्या उपचारात आम्हा दोघांना तिच्यासोबत प्रत्येक जेवणाला बसायला लावलं होतं, वाद न घालता. पहिले तीन महिने वरणभाताच्या एका वाटीसाठी दीड दीड तास. माझा नवरा दुकान बंद करून दुपारी घरी यायचा. आता ती २० ची आहे, बरी आहे, म्हणजे परीक्षा आली की अजून आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो.


वाघोबा_१२

मुलग्यांनाही होतं हे, लिहून ठेवतो. जिममध्ये. बाकी कधीतरी.


नाशिकची_वहिनी

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, दीड महिना इकडे यायला जमलं नाही त्याबद्दल सॉरी.

अस्मानींनी सांगितलं तसं चालायला नेलं तिला, गंगापूर रोडला. तुमचीच वाक्यं म्हटली जवळजवळ पाठ करून. ती भयंकर चिडली, वहिनी तू माझं कपाट का उघडलंस, तुला दादाशी भांडायला मुद्दा हवाय, असं बरंच काही, आणि तिथूनच रिक्षा करून एकटी घरी गेली. बारा दिवस माझ्याशी एक शब्द नाही. तेराव्या दिवशी सकाळी चहा करताना स्वतःच म्हणाली की छातीत काहीतरी होतंय.

पोटॅशियम कमी निघालं. चार दिवस ॲडमिट होती. ईसीजीचा कागद बघून डॉक्टरांनी नवऱ्याला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही पण त्यानंतर तो 'डोक्यात घेतेस' म्हणायचा बंद झालाय. आई पहिले दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून म्हणाल्या की मी तिचे उपवास मिरवले गं. मला काय बोलावं कळलं नाही, मी त्यांच्याशेजारी बसले नुसती. नंतर कळलं की त्यांच्या स्वतःच्या लग्नाआधी त्यांच्या आत्याने त्यांना रात्रीचं जेवण बंद केलं होतं, चाळीस वर्षं झाली, अजून रात्री दोन घासच खातात. आम्हाला वाटायचं सवय आहे.

आता मानसोपचारतज्ज्ञांकडे आठवड्यातून एकदा जाते. सुधारलीय असं म्हणणार नाही. गोळ्या बंद आहेत (किल्ली माझ्याकडे, तिनेच दिली), चेहरा सुजला तेव्हा साधी_डॉक्टर तुमचा प्रतिसादच वाचून दाखवला तिला. जेवायला आम्ही दोघी बसतो, लेक शेजारी बडबड करतो त्याचा फायदा होतो. काही दिवस बरे जातात, काही दिवस ताट तसंच.

लोकांना मात्र आम्ही टायफॉइड सांगितलंय. पटत नाही मला पण घरच्यांचं तेवढंच म्हणणं होतं आणि एका वेळी किती भांडणार. भेटायला आलेल्या एक नात्यातल्या काकू खोलीतून बाहेर येत म्हणाल्या, टायफॉइडने बरी सडसडीत झाली हो, लग्नात उठून दिसेल. आई त्यांना चहा न विचारता दारापर्यंत सोडून आल्या!

नवऱ्या मुलाला तिने स्वतः खरं सांगितलं, आईंना न विचारता. तो दोन दिवस गप्प होता, मग एकटाच भेटायला आला, गच्चीवर दोघं तासभर बोलले, काय ते माहीत नाही. तारीख अजून तीच आहे, पुढे जाऊ शकते. डॉक्टर म्हणाले पुढे गेली तर बरंच.

आता प्रश्न केळवणांचा. अकरा घरची आमंत्रणं आलीत. एका बाजूने सगळे आग्रह करकरून वाढणार, दुसऱ्या बाजूने तिच्या अंगावर बोलणार. सगळी नाकारली तर पंचाईत, टायफॉइड तर बरा झाला ना म्हणतात. काय करावं?


चिंचगूळ_

आम्ही मुलीच्या मुंजीच्या, सॉरी, भाच्याच्या मुंजीच्या वेळी असं केलं होतं: केळवण संध्याकाळी चहाला करा म्हणून सांगायचं. ताट नाही, पंगत नाही, आग्रह नाही. डॉक्टरांनी जड जेवण वर्ज्य केलंय एवढं सांगितलं की कोणी पुढे विचारत नाही. तिच्या ठरलेल्या वेळचं खाणं घरून करून निघायचं. आणि तिच्या शेजारी तुम्ही बसा, दुसऱ्या बाजूला नवरा. अंगावरून कोणी बोललं की विषय रुखवतावर न्यायचा, रुखवतावर बायका तासभर बोलतात.


मी_अस्मानी

+१, आणि अकरा नकोत, तीन करा, ती निवडेल ती तीन. फोटो काढणाऱ्यांनाही आधी सांगा की फोटो तिला दाखवल्याशिवाय ग्रुपवर टाकायचा नाही. (मला त्या दातांच्या डॉक्टरांनी काय दिलं माहितीये का तेव्हा, एक साधी वही. खाल्लेलं लिहायला नाही, खाण्याआधी काय झालं होतं ते लिहायला. तिला कधी हवी असेल तर सांगा, तिला भेटायचं असेल तरी. व्यनि (खासगी निरोप) करते नंबर.)


नाशिकची_वहिनी

चहाचं फार आवडलं, आईंनीच फोन करायला घेतलेत. तीन घरं तिने निवडली, त्यात एक ब्लाउजवाल्या ताईंचं! त्यांनी केळवण केलं नसतं खरं तर, तीच म्हणाली मला त्यांच्याकडे जायचंय. अस्मानी, व्यनि मिळाला, तिला दिलाय, बघू.

काल आम्ही दोघी गेलो ताईंकडे चहाला. पोहे केले होते त्यांनी, हिने अर्धी बशी खाल्ली, कोणी काही बोललं नाही. निघताना माप घेतलं. मी म्हटलं ताई, अजून दोन महिने आहेत, परत बदलेल. त्या टेप गळ्यात अडकवत म्हणाल्या, बदलू दे की, दोन्हीकडे भरपूर माया सोडलीय.